तिरोड्याचा धूर कुणाच्या नावावर

या पुस्तकातल्या एकाही कोष्टकात कामठा सापडणार नाही. सापडण्याचे कारणही नाही. कोष्टके देशांची आहेत. कोणत्या देशातले कारखाने, वीजकेंद्रे आणि भट्ट्या वर्षाला किती कार्बन डायऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड हवेत सोडतात आणि कोण कोणाच्या पुढे आहे, हे त्यांत मांडले आहे. गोंदिया तालुक्यातले कामठा हे धानाचे गाव. जुन्या जमीनदारीमुळे ते इतिहासात आले, लहरी आश्रमामुळे भाविकांना ठाऊक आहे. इथे पोलादाची भट्टी नाही, सिमेंटची नाही. तरी ही प्रस्तावना मी मुद्दाम इथून लिहितो आहे. देशादेशांची तुलना करताना ज्या गफलती होतात, त्यांतल्या बहुतेक आमच्या एका जिल्ह्यात उघड्या डोळ्यांनी पाहता येतात.

गोंदियाहून तुमसरच्या वाटेला लागले की तिरोड्याच्या औद्योगिक क्षेत्रातल्या चिमण्या दिसू लागतात. अदानी पॉवरचे हे औष्णिक केंद्र 660 मेगावॅटच्या पाच संचांचे, म्हणजे एकूण 3,300 मेगावॅटचे. 2012 ते 2014 या काळात एकेक करून हे संच सुरू झाले. हिशेब सोपा आहे. सगळे संच वर्षभर आपल्या क्षमतेच्या तीनचतुर्थांश चालले असे धरा. सुमारे 2,170 कोटी युनिट वीज होते. अशा सुपरक्रिटिकल संचातून एका युनिटमागे साधारण 0.9 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. गुणाकार केला की उत्तर दोन कोटी टनांच्या जवळ येते. श्रीलंकेसारख्या अख्ख्या देशात कोळसा आणि तेल जाळून वर्षाला जेवढा वायू निघतो, त्याच घरातला हा आकडा आहे.

आता भागाकार करू. 2011 च्या जनगणनेनुसार गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या सव्वातेरा लाखांच्या आसपास होती. तिरोड्याचा सगळा धूर जिल्ह्याच्या नावावर लिहिला, तर माणशी पंधरा टन येतात. अमेरिकन माणसाची वर्षाची सरासरी चौदा-पंधरा टनांची आहे. म्हणजे रोवणीला चिखलात उतरणारी कामठ्याची बाई आणि ह्यूस्टनमध्ये दोन गाड्या बाळगणारे कुटुंब कागदावर एका ओळीत बसले. हेच दोन कोटी टन महाराष्ट्राच्या सव्वाअकरा कोटी लोकांत वाटले, तर माणशी पावणेदोनशे किलोच्या आसपासच येतात. धूर तोच, चिमणी तीच, फक्त भाजक बदलला.

यातला कोणता भागाकार खरा? या केंद्राच्या 3,300 मेगावॅटपैकी 3,085 मेगावॅट वीज दीर्घ मुदतीच्या करारांनी महावितरणला बांधलेली आहे. ती 765 किलोव्होल्टच्या वाहिनीवरून कोराडी, अकोला करत औरंगाबादकडे जाते आणि तिथून पुढे राज्याच्या जाळ्यात मिसळते. कोळसा छत्तीसगडच्या बाजूने मालगाड्यांनी येतो, पाणी वैनगंगेचे, राख इथली. कारखाने, मॉल, वातानुकूलित कचेऱ्या बहुतांशी दुसरीकडे. उत्सर्जनाच्या आंतरराष्ट्रीय हिशेबाचा मूळ नियम मात्र असा आहे की, वायू जिथे निघाला तिथेच तो लिहायचा. नियम वाईट नाही. चिमणी मोजता येते, तिचा पत्ता असतो, तिच्या मालकाला प्रश्न विचारता येतो. पण हा नियम काय दाखवतो आणि काय झाकतो, हे कळल्याशिवाय देशांची क्रमवारी वाचू नये, एवढेच मला या प्रस्तावनेत सांगायचे आहे.

आधी ढोबळ चित्र. जगात जीवाश्म इंधन आणि सिमेंट यांतून वर्षाला सुमारे 3,700 कोटी टन कार्बन डायऑक्साइड निघतो. त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा एकट्या चीनचा. अमेरिकेचा साधारण 13 टक्के, भारताचा 8 टक्के, युरोपीय संघातल्या सत्तावीस देशांचा मिळून सुमारे 7 टक्के. या यादीत भारत तिसरा येतो आणि वर्तमानपत्राला मथळा मिळतो. माणशी वाटणी केली की यादी उलटते: अमेरिका चौदा टनांच्या वर, चीन आठ, युरोपीय संघ साडेपाच, जगाची सरासरी पावणेपाच, भारत दोनच्या किंचित वर. आणि 1750 पासूनची सगळी बेरीज केली तर चौथा हिस्सा अमेरिकेचा निघतो, भारताचा तीन-चार टक्के. तिन्ही याद्या खऱ्या आहेत. वाटाघाटीच्या टेबलावर प्रत्येक जण आपल्या सोयीची यादी घेऊन बसतो, यात नवल नाही.

चौथी यादी कमी वेळा छापली जाते. ती माल बनवणाऱ्याच्या नव्हे, वापरणाऱ्याच्या नावाने धूर लिहिते. ती धरली तर चीनच्या उत्सर्जनातून आठ-दहा टक्के वजा होतात, कारण तेवढा धूर परदेशी गिऱ्हाइकांच्या मालासाठी झालेला असतो. ब्रिटनचे उलटे. 1990 पासून त्या देशाने आपल्या भूमीवरचे उत्सर्जन निम्म्याहून खाली आणले आणि 30 सप्टेंबर 2024 रोजी रॅटक्लिफ-ऑन-सोअर हे शेवटचे कोळशाचे वीजकेंद्र बंद केले. हे कौतुकास्पदच आहे. पण ब्रिटिश माणूस जो माल विकत घेतो, त्यामागचा धूर तेवढा उतरलेला नाही. त्यातला बराचसा आता दुसऱ्यांच्या वहीत लिहिला जातो.

आता ‘औद्योगिक’ म्हणजे काय ते पाहू, कारण इथे अभ्यासू वाचकही फसतो. भारताने डिसेंबर 2024 मध्ये संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या चौथ्या द्वैवार्षिक अहवालात 2020 सालच्या एकूण उत्सर्जनापैकी ऊर्जेचा वाटा सुमारे 76 टक्के, शेतीचा 14, औद्योगिक प्रक्रियांचा 8 आणि कचऱ्याचा अडीच टक्के दाखवला आहे. हे वाचून कोणी म्हणेल, उद्योगाचे आठच टक्के? मग एवढी ओरड कशाला? पण या पद्धतीत कारखान्याच्या बॉयलरमध्ये जळलेला कोळसा ‘ऊर्जा’ या सदरात जातो. कारखान्याने घेतलेली वीजही तिथेच, वीजकेंद्राच्या नावाने. ‘औद्योगिक प्रक्रिया’ या सदरात उरतो तो मुख्यतः रासायनिक क्रियेतून सुटणारा वायू.

त्याचे सरळ उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यात आहे. आवारपूर, गडचांदूर, घुग्घुस हा सगळा पट्टा चुनखडीचा आणि म्हणून सिमेंटचा. शंभर किलो शुद्ध चुनखडी भट्टीत तापवली की 56 किलो चुना उरतो आणि 44 किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो. भट्टी कोळशावर तापवा की सूर्याच्या उष्णतेवर, हे 44 किलो चुकत नाहीत, कारण ते दगडातच बांधलेले असतात. सिमेंटच्या उत्सर्जनातला साधारण साठ टक्के भाग असा दगडातून येतो. म्हणून सिमेंटमध्ये क्लिंकर, म्हणजे या भट्टीतून निघणारा घटक, कमी करणे हा मोठा उपाय ठरतो, आणि त्या बाबतीत भारतीय सिमेंट जगात पुढच्या रांगेत आहे. वीजकेंद्रांची राख आणि पोलाद कारखान्यांची मळी मिसळून आपण क्लिंकर वाचवतो. गंमत अशी की ती राख भरपूर मिळते, कारण आपण कोळसा भरपूर जाळतो. एका कोष्टकातला गुण दुसऱ्या कोष्टकातल्या दोषावर उभा आहे.

आमच्या भागातल्या राइस मिलचा हिशेब तर याहून वेगळा. उकडा तांदूळ करताना बॉयलरखाली धानाचा कोंढा जळतो. त्याचाही धूर होतो, डोळेही चुरचुरतात, पण राष्ट्रीय हिशेबात त्या कार्बन डायऑक्साइडची नोंद ऊर्जेच्या बेरजेत होत नाही. कारण तो कार्बन गेल्या हंगामात धानाने हवेतूनच घेतलेला असतो. कोळशातला कार्बन कोट्यवधी वर्षे जमिनीखाली होता, हा फरक महत्त्वाचा आहे आणि मला तो पटतो. फक्त शून्य लिहिले म्हणजे धूर नाही, असे मिलशेजारी राहणाऱ्याला कोणी सांगू नये.

वायूंचीही जातवारी आहे. सगळ्यांना एका मापात आणण्यासाठी प्रत्येकाला कार्बन डायऑक्साइडच्या पटीत मोजतात. शंभर वर्षांचा काळ धरला तर मिथेन सुमारे 28 पट, नायट्रस ऑक्साइड 270 पटींच्या आसपास आणि वीज उपकेंद्रांच्या स्विचगिअरमध्ये वापरला जाणारा सल्फर हेक्झाफ्लोराइड तेवीस हजार पटींहून अधिक. काळ वीस वर्षांचा धरला तर मिथेन एकदम ऐंशी पटींवर जातो. जुन्या अहवालांत मिथेन 21 पट धरलेला आढळेल. दोन देशांचे आकडे वेगवेगळ्या पटींनी काढलेले असतील, तर त्यांची वजाबाकी करून काहीही हाती लागत नाही.

आणि आता बांधीकडे, म्हणजे धानाच्या खाचराकडे येतो. धान हा उद्योग नाही हे मान्य. तरी देशांची तुलना किती चुकू शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण धानाच्या बांधीतच घडले.

1990 च्या सुमारास हवामानबदलाचा जागतिक करार आकाराला येत होता. कोणाचा वाटा किती, यावर जोरात वाद चालू होता. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजात भारतातल्या भातखाचरांच्या नावावर वर्षाला 3 कोटी 78 लाख टन मिथेन लिहिलेला होता. तो भारतात मोजलेला नव्हता. युरोपातल्या, सतत पाण्याखाली राहणाऱ्या भातशेतीची मोजमापे भारताच्या क्षेत्रफळाला लावली होती. मग दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे शास्त्रज्ञ डॉ. ए. पी. मित्रा यांच्या पुढाकाराने 1991 साली देशाच्या निरनिराळ्या भागांत खाचरांवर पेट्या ठेवून वायू गोळा केला गेला आणि तो मोजला गेला. उत्तर आले सुमारे 40 लाख टन. आधीच्या अंदाजाच्या जवळजवळ नवव्या हिश्श्याएवढे.

कारण आमच्याकडच्या कुठल्याही धानकऱ्याने सांगितले असते. पावसावरची बांधी सगळा हंगाम तुडुंब नसते. पाऊस ओढ देतो, बांधी सुकते, चिखलाला भेगा पडतात, पुन्हा पाणी येते. मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव हवा नसलेल्या चिखलात वाढतात. जमीन मध्ये मध्ये उघडी पडली की त्यांचे काम थांबते. मामा (माजी मालगुजारी) तलावाखालच्या, कायम ओल्या बांधीचा आकडा वेगळा आणि उंचावरच्या बांधीचा वेगळा. इटलीचा आकडा गोंदियाला लावला, तर तो गोंदियाचा होत नाही.

त्याच काळात वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने एक क्रमवारी प्रसिद्ध केली आणि भारत, चीन, ब्राझील यांना मोठ्या प्रदूषकांच्या पंक्तीत बसवले. तिला उत्तर म्हणून दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटचे अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी 1991 मध्ये एक छोटी पुस्तिका लिहिली. पोटासाठी भात पिकवताना निघणारा मिथेन आणि चैनीच्या मोटारीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड एकाच तागडीत कसे तोलता, हा त्यांचा प्रश्न होता. हवेची आणि समुद्राची वायू शोषून घेण्याची शक्ती ही सगळ्या माणसांची समाईक मालमत्ता आहे, तिची वाटणी डोकी मोजून करा, ही त्यांची मागणी. पुढच्याच वर्षी रिओच्या करारात ‘समाईक परंतु भिन्न जबाबदाऱ्या’ हे तत्त्व आले. ते एका पुस्तिकेने आले असे मी म्हणणार नाही, पण गरीब देशांच्या हातात तिने नेमका युक्तिवाद दिला एवढे खरे.

पोलादाबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण या पुस्तकातला सगळ्यात वादग्रस्त भाग तोच ठरेल. एक टन पोलादामागे जगात सरासरी 1.9 टन कार्बन डायऑक्साइड निघतो, भारतात सुमारे अडीच टन. चीनखालोखाल सर्वाधिक पोलाद करणारा देश आपण आहोत आणि टनामागे आपला धूर जास्त आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. खनिज आणि कोळसा कमी प्रतीचा, स्पंज आयर्नच्या पुष्कळ भट्ट्या कोळशावर चालणाऱ्या, आणि भंगार अपुरे. अमेरिकेत सत्तर टक्के पोलाद विजेच्या भट्टीत भंगार वितळवून होते, म्हणून तिथला आकडा देखणा दिसतो.

पण भंगार कुठून आले? जुने पूल, जुन्या मोटारी, जुने कारखाने पाडून. म्हणजे आधी कधीतरी खनिज आणि कोळसा जाळूनच ते पोलाद केलेले होते. आपल्याकडे ती सुरुवातच उशिरा झाली. जमशेटजी टाटांनी चांदा (चंद्रपूर) जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या खनिजाविषयी जर्मन भूगर्भशास्त्रज्ञाचा अहवाल वाचला तो 1882 मध्ये. वरोऱ्याचा कोळसा जवळ, खनिज जवळ, पण तो कोळसा पोलादाला लायक ठरला नाही आणि सरकारी परवान्याच्या अटी जाचक होत्या. पुढे 1904 च्या सुमारास त्यांच्या माणसांचा शोध याच मध्यप्रांतात डल्ली-राजहराच्या टेकड्यांपर्यंत पोहोचला, तिथूनही कारखाना झाला नाही, आणि शेवटी साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, पहिले पोलाद 1912 मध्ये ओतले गेले. त्या एका वर्षात अमेरिकेने तीन कोटी टनांच्या आसपास पोलाद केले होते. डल्ली-राजहराचे खनिज कामी आले ते भिलाईला. तिथली पहिली झोतभट्टी पेटली फेब्रुवारी 1959 मध्ये. गोंदियाहून मुंबई-हावडा मार्गाने पूर्वेला निघाले की हा कारखाना लागतो. या वेळापत्रकात भंगाराचा प्रश्न आहे. ज्यांचे पोलाद शंभर वर्षांपूर्वीचे, त्यांचे भंगार आज तयार आहे. ज्यांनी उशिरा सुरुवात केली, त्यांच्या पुलांना पाडण्याचे वय अजून आलेले नाही. टनामागच्या धुराच्या कोष्टकात हा इतिहास दिसत नाही.

सप्टेंबर 2024 मध्ये टाटा स्टीलने ओडिशातल्या कलिंगनगरला देशातली सर्वांत मोठी झोतभट्टी पेटवली. त्याच महिन्याच्या 30 तारखेला त्याच कंपनीने वेल्समधल्या पोर्ट टॅलबॉटची शेवटची झोतभट्टी विझवली. तिच्या जागी भंगारावर चालणारी विजेची भट्टी येणार आहे. ब्रिटनच्या कोष्टकात उतार, भारताच्या कोष्टकात चढ, कंपनी एकच. वेल्समध्ये हजारो कामगारांच्या नोकऱ्या गेल्या, हेही त्या उताराचे मोल आहे. देशाची सीमा हिशेबाला सोयीची असते, पण भांडवल तिला फारसे जुमानत नाही. बांधीचा धुरा, म्हणजे हद्दीचा बांध, कुठून गेला यावर दोन भाऊ कोर्टात जन्म काढतात. इथे धुरा कुठे टाकायचा हेच मुळात अभ्यासकाने ठरवायचे असते, आणि ठरवल्यावर ते सांगितले पाहिजे.

इथवर वाचून भारतीय वाचकाला बरे वाटले असेल. म्हणून पुढचा मुद्दा सोडता येत नाही. भारताची माणशी सरासरी दोन टन आहे, ती कोणामुळे? कामठ्यासारख्या लाखो गावांतल्या माणसांमुळे, ज्यांच्या घरात दोन दिवे, एक पंखा आणि फार तर एक कूलर आहे. त्यांचे कमी जळणे हीच आपली राष्ट्रीय ढाल. तिच्याआड उंच इमारतींतले आणि विमानांतले आपले लोक उभे आहेत, ज्यांचे वैयक्तिक उत्सर्जन युरोपीय माणसाच्या बरोबरीचे किंवा वरचेही आहे. 2007 साली ग्रीनपीसच्या भारतीय शाखेने एका अहवालात या ढालीवरच बोट ठेवले होते; त्याचे नावच गरिबांच्या आडून लपण्याबद्दल होते. जगाला माणशी न्याय मागणाऱ्या देशाने तो न्याय गोंदिया आणि मुंबई यांच्यात लावला नाही, तर त्या मागणीतला दम निघून जातो. माझे मत स्पष्ट आहे: भारताचा युक्तिवाद परदेशात बरोबर आहे आणि देशात अपुरा.

हे आकडे आता नुसते भाषणापुरते राहिलेले नाहीत. युरोपीय संघाचा सीमेवरचा कार्बन कर 1 जानेवारी 2026 पासून प्रत्यक्ष लागू झाला आहे. लोखंड-पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम, खते, हायड्रोजन आणि वीज या मालावर टनामागच्या धुरानुसार पैसे मोजावे लागतील. भारतानेही डिसेंबर 2024 मध्ये हरित पोलादाची व्याख्या ठरवली, टनामागे 2.2 टनांहून कमी धूर असेल तरच ते नाव. 2023 मध्ये अधिसूचित झालेल्या कार्बन क्रेडिट व्यापार योजनेतली पहिली लक्ष्ये सिमेंट, ॲल्युमिनियम, कागद आणि क्लोर-अल्कली उद्योगांना मिळाली. औष्णिक वीजकेंद्रे त्या पहिल्या यादीत नाहीत. देशाच्या धुराचा सर्वांत मोठा वाटा ज्यांचा, तेच बाहेर राहिले, हे मला खटकते.

पुस्तकातली प्रकरणे देशवार आणि उद्योगवार रचली आहेत. ती क्रमानेच वाचावीत असे नाही. पोलादाचे प्रकरण आधी वाचले तरी चालेल. फक्त प्रत्येक कोष्टकाखालची बारीक टीप वगळू नका: साल कोणते, वायू कोणते, मिथेनची पट किती धरली, जंगलाने शोषलेला वायू वजा केला की नाही, आणि आकडा मोजलेला आहे की दुसरीकडून आणून लावलेला. मराठी शाळांतल्या शिक्षकांना एक विनंती आहे. हे कोष्टक वर्गात नेण्याआधी मुलांना घरचे वीजबिल आणायला सांगा. वर्षाची युनिटे 0.7 ने गुणली की भारतीय वीजजाळ्याच्या सरासरीने तेवढे किलो कार्बन डायऑक्साइड त्या घराच्या नावावर येतात. घरातल्या माणसांच्या संख्येने त्याला भागा, उत्तरे फळ्यावर लिहा, आणि मग पहिले प्रकरण उघडा.